घरचा वाटा आधी: कोंबड्या-शेळ्या पाळून पोरांच्या ताटात अंडं-दूध कसं आणायचं

कोंबड्या पाळल्या, शेळी दारात बांधली की घरातली पोरं आपोआप बाळसं धरतील असं खूप जण धरून चालतात, पण तसं होत नाही. अंडी विकली जातात, दूध विकलं जातं, बोकड अडीनडीला जातो आणि घरातलं दीड वर्षाचं लेकरू पातळ पेजेवरच वाढत राहतं. पैसा येतो तो कर्जात, दवाखान्यात, प्रवासात जिरतो, त्यात कुणाची चूक नसते, गरज तशी असते. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की जनावर आणायच्या आधी घरात बसून ठरवा, ह्यातलं घरात किती खायचं आणि कुणी खायचं. आधी घरचा वाटा, मग उरेल ते विकायचं. उलट केलं तर घरच्या वाट्याला काही उरतच नाही.

आधी थोडं हे का करायचं ते सांगतो, कारण घरातल्या मोठ्यांना पटवायला ते लागतं. लहान मुलाचं पोट लहान असतं, त्यात मावणारं थोडकंच, आणि ते सगळं धान्याचं पातळ पाणी असेल तर पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. बी-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकपणे प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातूनच भरवशाचं मिळतं. लोह आणि झिंक धान्यात-डाळीत असतं खरं, पण त्यातलंच फायटेट नावाचं द्रव्य ते अडवून धरतं, शरीरात कमीच शिरतं, आणि त्याच जेवणात थोडंसं मांस असलं तर धान्यातलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय मेंदूच्या वाढीला लागणारं कोलीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात तर ६ ते २३ महिन्यांच्या बाळांना मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असं स्पष्ट म्हटलंय, ते पण आईच्या दुधासोबत, त्याच्या ऐवजी नाही.

इक्वाडोरमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१७ साली छापून आला. ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना ६ महिने रोज एक अंडं दिलं, तर खुरटलेपणाचं, म्हणजे वयाच्या मानानं उंची फार कमी राहण्याचं, प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झालं. हे वाचून लोक हरखून जातात पण पुढचं पण सांगायला पाहिजे, मलावीत तसाच प्रयोग झाला, २०१९ ला निकाल आला, तिथं उंचीत फरक दिसला नाही. तिथली बाळं आधीपासूनच मासे बऱ्यापैकी खात होती. म्हणजे ज्या घरात असं अन्न मुळातच पोचत नाही तिथं अंड्याचा फायदा जास्त. तुमच्या घरात आत्ता बाळाच्या वाटीत काय पडतंय ते आधी बघा.

सुरुवात कोंबडीनेच करा

गरीब घराला गाय-म्हैस घ्यायचा मोह होतो पण मी नको म्हणेन. एक जनावर मेलं की सगळं भांडवल गेलं, चारा रोजचा, पाणी रोजचं, आणि कर्ज काढून घेतली असेल तर दुधाचा प्रत्येक थेंब हप्त्यासाठी विकावा लागतो. कोंबडी लहान, स्वस्त, एक मेली तर बाकीच्या आहेत, आणि अंडं हे एका मुलाच्या एका वेळच्या मापाचं असतं, ते कापून वाटून ठेवायची भानगड नाही. बाईच्या हातात ती सहज राहते हा अजून एक फायदा, त्यावर पुढे येतोच.

आता हिशोब. परसात मोकळं चरणारी गावठी कोंबडी वर्षाला साधारण ४० ते ६० अंडी देते. आपण ५० धरू. आठ कोंबड्यांची झाली ४००. त्यातली तीसेक अंडी पिल्लं काढायला बाजूला ठेवली तरी ३७० उरतात, म्हणजे एका लहान मुलाला वर्षभर रोज एक, किंवा दोघांना एक दिवस आड. चार कोंबड्यांत हे बसत नाही, म्हणून चार पाळून "आम्ही पोरांना अंडी देतो" म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्षात आठवड्याला दोन-तीनच पोचतात. आणि अंडी सगळं वर्ष सारखी येत नाहीत, कोंबडी १२-१५ अंडी घालते, खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहते, २१ दिवस बसते, मग पिल्लांमागे दीड-दोन महिने फिरते, तोवर अंडं बंद. म्हणून सगळ्यांना एकदम बसू देऊ नका. एक-दोन बसवा, बाकीच्यांची खुडूक मोडा. खुडूक मोडायची म्हणजे तिला तीन-चार दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या किंवा फटींच्या पिंजऱ्यात ठेवायचं, दाणा-पाणी पूर्ण द्यायचं पण बसायला मऊ काही द्यायचं नाही. पाण्यात बुडवणं, उपाशी ठेवणं असले प्रकार करू नका, त्यात कोंबडी नुसती खंगते.

अंडी घालायला कोंबडा लागत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पिल्लं काढायची असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे, जास्तीचे नर चार-पाच महिन्यांचे झाले की खायला काढा नाहीतर विका, ते फुकट दाणा खातात आणि कोंबड्यांना त्रास देतात.

रवणीला, म्हणजे उबवायला, बसवायची अंडी शक्यतो सात दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, तडा नसलेली घ्या. एका कोंबडीखाली दहा-बारा बस. सातव्या रात्री अंधार करून एकेक अंडं उचला, मोठ्या टोकाला टॉर्च लावा आणि बोटांनी कडेचा उजेड अडवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक काळपट ठिपका हलताना दिसला तर पिल्लू वाढतंय. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर ते रिकामं, काढून टाका. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसवल्या असतील तर रिकामी काढून उरलेली सगळी एकीखाली घालता येतात आणि दुसरी लवकर अंड्यावर येते, ही युक्ती फार कामाची आहे.

पिल्लं जगवणं हेच खरं काम

मोकळ्या कोंबडीपालनात निम्म्याहून जास्त पिल्लं पहिल्या दोन महिन्यांतच मरणं हे सर्रास दिसतं. घार, मांजर, मुंगूस, थंडी, पाऊस आणि उपासमार, कारण आईमागे दिवसभर पळून पिल्लाला मिळतं त्यापेक्षा त्याची ताकद जास्त खर्च होते. पहिले चार आठवडे पिल्लांना आईसकट डालग्याखाली किंवा जाळीच्या छोट्या कुंपणात ठेवा, बारीक भरडलेलं धान्य, त्यात थोडी पेंड, उकडून कुस्करलेलं अंड्याचं काही उरलं असेल तर ते, वाळवी किंवा किडे मिळाले तर उत्तमच. पाणी उथळ ताटलीत आणि त्यात स्वच्छ खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही, भिजतही नाही. मोठ्या कोंबड्यांना ते खाणं मिळू नये म्हणून पिल्लापुरतीच फट ठेवलेला टोपला उपडा घालायचा, पिल्लं आत शिरतात, मोठी बाहेर राहतात.

मोठ्या कोंबडीला संध्याकाळी खुराड्यात घ्यायच्या वेळी मूठभर जादा खाणं द्या, ती स्वतःहून परत यायला शिकते. अंड्याचं कवच बनवायला तिला बरंच कॅल्शियम लागतं, तेव्हा घरातली अंड्याची टरफलं फेकू नका, भाजून किंवा उकळून, बारीक कुटून परत द्या. बुरशी लागलेलं मका-शेंगदाण्याचं खाद्य मात्र जनावराला घालू नका. माणसं खात नाहीत म्हणून ते जनावराला टाकायची सवय आहे आपल्याला, पण त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृत बिघडवतं आणि दुधातून परत पोरांकडेच येतं.

आता रोगाचं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा एकटा रोग सगळं गणित मोडतो. मान वाकडी होते, हिरवी पातळ हगवण, धाप लागते, आणि चार-आठ दिवसांत खुराडं रिकामं. आला की औषध नाही, लसच आहे. उष्णता थोडी जास्त सहन करणारी आय-२ सारखी लस ऑस्ट्रेलियात विकसित झाली ती मुळात खेड्यातल्या कोंबड्यांसाठीच, ती डोळ्यात एक थेंब टाकून देतात आणि साधारण दर चार महिन्यांनी परत द्यावी लागते. तुमच्या भागात कुठली लस मिळते आणि तिचं वेळापत्रक काय ते पशुवैद्यकाकडून समजून घ्या, पण हाताने करायचं काम सोपं आहे: एकाने कोंबडी कुशीत धरायची, डोकं आडवं करायचं, दुसऱ्याने बाटली उभी धरून डोळ्याला न टेकवता एक थेंब सोडायचा आणि कोंबडी डोळा मिटेपर्यंत, म्हणजे थेंब आत जाईपर्यंत, तिला सोडायचं नाही. घाईत सोडली तर ती डोकं झटकते आणि लस जमिनीवर जाते. एका बाटलीत शंभराच्या वर डोस असतात, तेव्हा शेजारपाजारची दहा घरं मिळून एका दिवशी करा, खर्च पण वाटला जातो आणि शेजारच्या कोंबडीतून रोग यायचा धोका पण कमी होतो. आजारी कोंबडीला लस देऊन उपयोग नाही. बाहेरून नवी कोंबडी आणली की दोन आठवडे वेगळी ठेवा. आणि एकदम खूप कोंबड्या पटापट मेल्या तर त्या खाऊ नका, विकू नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा, बर्ड फ्लूची शक्यता असते.

कोंबड्या घरात झोपवू नका

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच मिळवलेलं पोषण परत हातातून जातं. चोरीच्या, मुंगसाच्या भीतीनं कोंबड्या रात्री माणसांच्याच खोलीत कोंडतात. इथिओपियातल्या ग्रामीण घरांच्या आकडेवारीवर २०१६ मध्ये एक अभ्यास आला, त्यात दिसलं की कोंबड्या असलेल्या घरातल्या मुलांची उंची वयाच्या मानानं बरी होती, पण जिथं कोंबड्या राहत्या घरातच रात्री ठेवत होते तिथं उलट परिणाम दिसला. कारण समजायला अवघड नाही. रांगणारं पोर जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, आणि कोंबडीच्या विष्ठेत कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असतात. दर वेळी जुलाब होतीलच असं नाही, पण आतड्याला बारीक सूज राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणजे एका हाताने अंडं द्यायचं आणि दुसऱ्या हाताने ते वाया घालवायचं असं होतं.

तेव्हा भिंतीला लागून पण बाहेर, जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, घट्ट दार असलेलं खुराडं करा, फळ्यांचं, बांबूचं, जे मिळेल त्याचं. खाली फटी ठेवल्या की विष्ठा खाली पडते, गोळा करून खड्ड्यात कुजवा आणि मगच भाजीला घाला, ताजी घातली तर रोपं जळतात. आत बसायला दांडा, प्रत्येकीला वीतभर जागा, आणि चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी खोपडी अंडी घालायला. रांगणाऱ्या बाळासाठी अंगणात एक छोटं कुंपण किंवा धुता येईल अशी चटई ठेवा आणि तिथं कोंबडीला येऊ देऊ नका. खुराडं साफ केल्यावर साबणाने हात, आणि शक्यतो ते काम तान्ह्या बाळाच्या आईकडे नकोच.

अंडं बाळाच्या तोंडात जाईपर्यंत

रोज अंडी गोळा करा. फलित अंडं २७-२८ अंशांच्या वर गेलं की आत वाढ सुरू होऊ शकते, म्हणून उन्हाळ्यात दिवसातून दोनदा. धुवू नका, कवचावरचा थर जातो, कोरड्या फडक्यानं पुसा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा.

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला अंडं देता येतं, पांढरं आणि पिवळं दोन्ही. पहिल्यांदा चमचाभर, दोन-तीन दिवस बघा अंगावर पित्त उठतंय का, उलटी होतेय का, काही नसेल तर हळूहळू वाढवा. अंडं पूर्ण घट्ट होईपर्यंत उकडायचं, कच्चं-पक्कं नको. कुस्करून बाळाच्या घट्ट खाण्यात मिसळा म्हणजे घशाला कोरडं लागत नाही. अंडं खाल्लं की उष्णता होते, बोलायला उशिरा येतं असल्या समजुतींमुळे अंडं घरात असून बाळाला मिळत नाही, त्यांना काही आधार नाही, आजीशी भांडण न करता पण ठामपणे सांगा. बाळानंतर नंबर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईचा, मग बाकीच्या मुलांचा, आणि मुलगी-मुलगा असा फरक ताटात होऊ देऊ नका. कर्त्या पुरुषाला कष्ट पडतात हे खरं, पण त्याची वाढ होऊन गेलेली असते.

कोंबडी कापली तर काळीज आधी बाळाला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला, बारीक वाटून. लोह आणि अ जीवनसत्त्व भरपूर असतं. गरोदर बाईनं मात्र काळीज टाळलेलंच बरं, त्यातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भाला त्रासदायक ठरतं.

मग शेळी

कोंबड्या वर्षभर नीट टिकल्या, लस वेळेवर झाली, मग शेळीकडे वळा. एक नाही, दोन घ्या, एकटी शेळी ओरडत राहते आणि दोघी वेगवेगळ्या वेळी व्यायल्या तर दूध जास्त महिने मिळतं. दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते, गाभण काळ साधारण १५० दिवस. बोकड त्याच कळपातला, तिचाच मुलगा किंवा भाऊ वापरू नका, पिल्लं कमजोर निघतात. करडाला जन्मल्यावर पहिल्या तासात चीक पाजलाच पाहिजे, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच जाते, वार पडायची वाट बघत बसू नका.

दुधाचा वाटा कसा करायचा ह्यात खूप घरांत गोंधळ होतो. सगळं काढलं तर करडू मरतं, काहीच नाही काढलं तर पोराला मिळत नाही. पहिले तीन-चार आठवडे सगळं करडाचं. नंतर रात्री करडू वेगळं बांधा, आईचा आवाज येईल इतकं जवळ, सकाळी एकदा दूध काढा आणि मग दिवसभर करडू आईसोबत सोडा. घराला रोज पेला-दोन पेले मिळतं, करडू पण वाढतं. काढताना पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर मारून बघा, गाठी किंवा रक्त दिसलं तर कासदाह, म्हणजे कासेची सूज, आहे, ते दूध नको. दूध उकळलंच पाहिजे, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा रोग येतो. बाळ एक वर्षाचं होईपर्यंत जनावराचं दूध हे त्याचं मुख्य पेय नको, त्यात लोह फारच कमी, आणि शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व पण नसल्यातच जमा, म्हणून नुसत्या दुधावर मूल ठेवायचं नाही, सोबत डाळी, पालेभाज्या हव्यातच. इंजेक्शन-औषध दिलं असेल तर किती दिवस दूध किंवा अंडं खायचं नाही हे डॉक्टरला विचारून घ्या.

शेळी गाभडली तर पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, गरोदर बाईला तर तिथं जाऊच देऊ नका.

जंत हा शेळीचा मोठा शत्रू. दर महिन्याला सरसकट औषध पाजत बसण्यापेक्षा डोळा बघायला शिका: उजेडात शेळीचं डोकं धरा, अंगठ्यानं खालची पापणी हलकेच ओढा आणि आतला रंग बघा. लालबुंद किंवा गडद गुलाबी असेल तर ठीक, फिकी गुलाबी असेल तर लक्ष ठेवा, पांढरट असेल तर रक्त पिणारे जंत आहेत, आजच्या आज औषध. जबड्याखाली पाण्याची पिशवी आली असेल तर ते पण त्याचंच लक्षण. दव वाळल्याशिवाय चरायला सोडू नका, ओल्या गवतावर जंतांची पिल्लं वर चढून बसलेली असतात. झाडपाला खाणाऱ्या शेळीला जंत कमी होतात, म्हणून कुंपणालाच पाल्याची झाडं लावा, शेवगा, सुबाभूळ, पण सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको, त्यातल्या मिमोसीन नावाच्या द्रव्यानं केस गळतात. पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष होणारा रोग) ह्यांची लस विसरू नका.

कुणाच्या हातात

जनावर कुणाच्या नावावर, अंडी विकायची का हे कोण ठरवतं, आलेला पैसा कुणाच्या हातात पडतो, ह्यावर सगळं अडतं. परसातल्या कोंबड्या बाईच्या असतात तोवर अंडं घरात राहतं, धंदा वाढला की बऱ्याचदा तो पुरुषांकडे जातो आणि ताटातलं कमी होतं. हे घरात आधीच बोलून घ्या. विकणं वाईट नाही, एक कोंबडा विकून डाळी, तेल आणि भाजी आली तर ते पोषणच आहे, फक्त तो पैसा खाण्यासाठीच असं ठरलेलं पाहिजे. आणि चारा आणणं, पाणी भरणं, शेण-लेंड्या काढणं हे सगळं बाळंतिणीच्या अंगावर टाकलं तर तिला बाळाला पाजायला वेळ राहत नाही, तेव्हा कामाची वाटणी जनावर यायच्या आधी करा.

खुराड्याच्या दारावर एक कॅलेंडर टांगा. रोज किती अंडी आली, किती खाल्ली, किती विकली, लस कधी दिली, शेळी बोकडाला कधी दाखवली, एवढंच लिहा, लिहिता येत नसेल तर रेघा मारा. महिन्याच्या शेवटी खाल्लेल्या रेघा विकलेल्यांपेक्षा कमी दिसल्या तर पुढच्या महिन्यात विक्री थोडी थांबवा, आणि नवीन जनावर घ्यायचा विचार त्या रेघा दोन-तीन महिने जागेवर आल्यानंतरच करा.